दहा अँपिअरचा फ्यूज

कार्डिफ,
९ मार्च २०२५

मामा, नमस्कार करते.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका, नवीन काही झालेलं नाही. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून तुमचा मुलगा मिहीर स्पीकर लावतो, आणि मग तो, तुमची सून आणि निम्मं एजवेअर ऐकत बसतं. एवढ्या लोकांशी बोलायची सध्या माझ्यात ताकद नाही.

सासूबाईंना जाऊन गुरुवारी महिना झाला. त्यांची वरची लहान खोली अजून बंद आहे. दाराला फायर सर्व्हिसची पट्टी लावली आहे, पण धुराचा वास पट्टीला जुमानत नाही. तो जिन्यात आहे, टॉवेलांना आहे, ईशिताच्या युनिफॉर्मला आहे. परवा बसमध्ये तिच्या शेजारची मुलगी उठून दुसरीकडे बसली, असं तिने मला अगदी सहज सांगितलं.

कुश माझ्याशी कामापुरतं बोलतो. दूध संपलंय, बिन बाहेर ठेवली, इतपतच. आई गेली तर नवरा-बायको जवळ येतात म्हणे. आमच्याकडे तो खाली सोफ्यावर झोपायला लागला आहे. कॉरोनरची सुनावणी १९ जूनला आहे. आग कशी लागली ते तिथे ठरेल. तोवर घरात ज्याने त्याने आपापलं ठरवून टाकलंय.

तुम्ही अंत्यविधीला आला नाहीत. गुडघ्याचं मिहीरने कळवलं होतं.

पत्राचं कारण वेगळंच आहे. ईशिताला शाळेत सध्या वीज शिकवतायत, आणि व्होल्टेज-करंटवरून रेझिस्टन्स आणि पॉवर काढायची गणितं तिला जमत नाहीत. मी शिकवायला बसले की ती वहीकडे बघतच नाही, माझ्या हातांकडे बघत राहते. तुम्ही शिकवा. बाबा गेल्यावर तुम्ही मला तुमच्या कराडच्या घरी ठेवून घेतलंत आणि आयटीआयच्या पोरांबरोबर हेच शिकवलंत. मला ते अजून पाठ आहे, पण माझ्या तोंडून तिला नको आहे.

तुमच्या शुगरच्या गोळ्या अजून पुण्याहूनच येतात का? हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी करणारी भाची असून तुम्ही माझं ऐकत नाही.

तुमची,
चैत्राली


एजवेअर,
१७ मार्च २०२५

चैत्राली, बाळ,

तुझं पत्र तीनदा वाचलं. उत्तराला उशीर झाला, कारण धड कागद मिळेना. या घरात प्रिंटर आहे, पण लिहायला कागद नाही.

आता ईशितासाठी. तिला म्हणावं, घाबरायचं काही नाही. मीटर आपल्याला दोन आकडे देतो. एक व्होल्टेज, म्हणजे वीज किती जोराने ढकलली जाते ते. दुसरा करंट, म्हणजे प्रत्यक्षात किती वाहते ते. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की रेझिस्टन्स मिळतो, आणि दोन्ही गुणले की पॉवर. एक भागाकार आणि एक गुणाकार, एवढ्यावर माझा चौतीस वर्षं प्रपंच चालला.

आमची किटली घे. दाब २३० व्होल्ट, प्रवाह १० अँपिअर. भागले तर २३ ओहम, गुणले तर २३०० वॅट. एकक लिहायला विसरू नको म्हणावं. कराडला एका पोराने नुसतं '२३' लिहिलं होतं, मी विचारलं, तेवीस काय, म्हशी? पुढे तो वीज मंडळात इंजिनिअर झाला.

एवढं मात्र ध्यानात ठेव. या चार गोष्टींपैकी दोन कळल्या की उरलेल्या दोन लपून राहत नाहीत. सोबत पाच गणितं दिली आहेत, सगळी किटली, दिवा आणि इस्त्रीची.

तुझ्या सासूबाई, मधुमतीबाई, अशा गेल्या ते मनातून जात नाही. संक्रांतीच्या आधी आलो तेव्हा त्यांनी केलेली गुळाची पोळी मी शुगर विसरून दोनदा घेतली होती. तू शिफ्टवरून येऊन रागावलीस. भली बाई होती. इथे जन्मलेल्या पोराला वाढवून, नवऱ्यामागे एकटीने दुकान चालवून, कोणाला कधी उणा शब्द बोलली नाही.

कुशचं मनावर घेऊ नको. दुःखात माणूस जवळच्यावरच चिडतो.

गोळ्या पुण्याच्याच चालू आहेत. इथल्यांचा मला गुण येत नाही, यावर आपलं भांडण पुरे झालं.

अवधूतमामा


कार्डिफ,
२ एप्रिल २०२५

मामा,

तुमची पाचही गणितं ईशिताने सोडवली, एककांसकट. म्हशींवर ती हसली. या घरात दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणी हसलं, म्हणून तुमचे आभार.

पण फ्यूजचा धडा तुम्ही गाळलात. पूर्वी तुम्ही सुरुवातच तिथून करायचात. फ्यूज म्हणजे घरातला सगळ्यात अशक्त माणूस, त्याला मुद्दाम अशक्त ठेवलेला असतो, तो आधी पडतो म्हणून बाकीचे वाचतात. वितळलेल्या फ्यूजला तार गुंडाळणाऱ्या पोराला तुम्ही वर्गाबाहेर काढायचात आणि वर्षाअखेर नापासही करायचात. मला वाटलं होतं, ईशितालाही तेच पहिलं सांगाल.

आता मी एक गणित घालते. किटलीचं नाही.

सहा फेब्रुवारीला आमचा घर गरम ठेवणारा बॉयलर पुन्हा बंद पडला. इंजिनिअर दुसऱ्या दिवशी येणार होता. शिफ्टला जाण्यापूर्वी मी आईंच्या खोलीत दोन हीटर लावले, एक अडीच हजार वॅटचा आणि एक दोन हजारचा. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन रिळावर. रीळ गुंडाळलेलंच होतं, पलंगाखाली, वरून पलंगपोस लोंबत होता. हे सगळं मी माझ्या हाताने केलं, ते मी लपवलेलं नाही. दुपारी त्या झोपल्या असताना रीळ पेटलं. अलार्म वाजला, शेजारच्यांनी फोनही केला, पण तोवर धूर झाला होता आणि त्या उठूच शकल्या नाहीत.

रिळावर दहा अँपिअर असं छापलेलं आहे. इथे प्लगच्या आतच फ्यूज असतो, त्याच्या प्लगमधलाही दहाचाच होता. दोन हीटर लागल्यावर तो उडायला हवा होता. खोली गार पडली असती, आईंनी मला फोन करून 'अगं, हे बंद पडलं' म्हटलं असतं. तपास अधिकारी म्हणतो, फ्यूज वितळलेलाच होता, आधीपासून. त्याच्यावर चंदेरी फॉइल गुंडाळलेली होती. प्लग भिंतीपाशी लांब होता म्हणून वाचला. कसली फॉइल ते अजून बघतायत.

कुशने अधिकाऱ्यासमोरच मला म्हटलं, "फ्यूज तर ऑल्वेज तूच बघतेस. मी लाइफमध्ये एक प्लग चेंज नाही केलेला. हे तुझ्या मामांनी शिकवलेलं स्टफ आहे." मी गप्प बसले. मी नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग कोणी? त्याचं उत्तर माझ्याकडून कोणी घेऊ नये असं मला वाटतं.

तर गणित. दाब २३० व्होल्ट, प्रवाह १९.६ अँपिअर. रेझिस्टन्स किती, पॉवर किती, आणि रिळाच्या वायरीत उष्णता किती? वायरीचा रेझिस्टन्स त्यांनी ०.३६ ओहम मोजला आहे. आणि मामा, फॉइलबद्दल तुम्हाला काही सुचतं का?

चैत्राली


एजवेअर,
१४ एप्रिल २०२५

चि. चैत्राली,

रेझिस्टन्स ११.७ ओहम. पॉवर ४५०८ वॅट.

वायरीतली उष्णता करंटच्या वर्गावर चालते. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. दहा अँपिअरला तुझ्या रिळात ३६ वॅट, १९.६ ला १३८ वॅट. उलगडलेली वायर तेवढी हवेत सोडून देते. गुंडाळलेल्या रिळात ती जायला वाट नसते.

दहाचा फ्यूज एवढ्याला काही मिनिटांत वितळतो.

फॉइलबद्दल इतक्या दुरून काय सांगणार? हल्लीचा माल हलका येतो, कदाचित कारखान्यातच काही गफलत असेल. रीळ कुठून घेतलं ते शोध, कंपनीला लिही. तुला एवढंच सांगतो, तू दोष घेऊ नकोस आणि कोणाला देऊही नकोस. गेलेलं माणूस त्याने परत येत नाही.

इथे हवा वाईट आहे. गुडघा दुखतो. तुझं ऐकून इथल्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू केल्या, पुण्याच्या बंद केल्या. तुला बरं वाटेल म्हणून कळवलं.

ईशिताला आशीर्वाद.

अवधूतमामा


कार्डिफ
३ मे

प्रिय मामाआजोबा,

मी ईशिता. माझा मराठी लिहिणं स्लो आहे, शनिवारची शाळा मी इयर सिक्सला सोडला, सो सॉरी. आईला माहीत नाही की मी लेटर लिहिते. स्टॅम्प मी माझा घेतला.

आईच्या ड्रॉवरमध्ये तुमचं लेटर होता. मी वाचली. मी पण ते गणित केली, तीन वेळा केली. मग मी एक अजून केला.

दोन हीटर एकत्र लावले की दहाचा फ्यूज काही मिनिटमध्ये जातो, हे तुम्ही लिहिलं. सो तो फ्यूज फर्स्ट टाइम दोन हीटर लागले तेव्हा गेला असणार. फर्स्ट टाइम बॉयलर जानेवारीत बंद झाला, संडे, १२ तारीख. मंडेला तो रिपेअर झाला आणि मग फेब्रुवारीपर्यंत हीटर कोणी नाही लावला. मी कॅलेंडर बघितली. आईची ड्यूटीची रोटा अजून फ्रिजवर आहे, ती त्या संडेला लाँग शिफ्टला होती, सकाळी आठ ते रात्री आठ. बाबा केंब्रिजला ऑफिसच्या ट्रेनिंगला. मी माझी फ्रेंड झारा कडे होते. घरी आजी होती आणि तुम्ही होता.

आजीला फ्यूज काय ते पण माहीत नव्हता.

बाबा आईला म्हणतो की तू केलं. आई काही नाही बोलते. मला वाटायचं की आईनेच केलं आणि मी तिच्याशी खूप वाईट वागली.

मी कोणाला नाही सांगितलं. तुम्ही टीचर आहात म्हणून तुम्हाला पाठवते. माझा आन्सर चुकीचा असेल तर प्लीज मला सांगा कुठे चुकला.

ईशिता


एजवेअर,
९ मे २०२५

चैत्राली,

सोबत ईशिताचं पत्र परत पाठवतो. तिला रागावू नकोस. तिचं उत्तर बरोबर आहे. कुठेच चुकलेलं नाही.

त्या रविवारी दुपारी बॉयलर बंद पडला. मधुमतीबाई दोन शाली घेऊन बसल्या होत्या, बोटं पांढरी पडली होती. मी कपाटातून दोन्ही हीटर काढले आणि रिळाला लावले. सहा-सात मिनिटांत दोन्ही बंद. फ्यूज गेला हे मला बघताक्षणी कळलं. वाजले होते साडेचार, आणि रविवारी इथली मोठी दुकानं चारला बंद. घरात दुसरा फ्यूज नव्हता.

त्यांनीच मला लोणी लावायची सुरी आणून दिली, प्लगमधून फ्यूज उचकटायला. माझ्या खिशात गोळ्यांची पट्टी होती. तिची चांदी सोलली, फ्यूजला गुंडाळली आणि परत बसवला. एक हीटर लावला. एकच लावायचा, एवढी अक्कल तेव्हा होती, पण ते मी त्यांना बोलून दाखवलं नाही. त्यांनी हात पुढे धरले आणि म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून बरं झालं हो." मी म्हटलं, चैत्रालीला सांगू नका, ओरडेल. सकाळी नवीन फ्यूज आणून घालतो.

सकाळी तू मला लंडनच्या कोच-बसला सोडायला आलीस, वाटेत तिळगुळाचा डबा दिलास. ब्रिस्टल मागे पडल्यावर मला फ्यूज आठवला. घरी जाऊन फोन करू म्हटलं. घरी आलो तर मिहीरने स्पीकर लावून फोन हातात दिला, सून समोर बसलेली. ज्याने या एका चुकीसाठी पोरांना वर्गाबाहेर काढलं, त्याने स्वतः तेच केलं, हे सुनेसमोर मोठ्याने सांगायची मला लाज वाटली. उद्या सांगू म्हटलं. मग तू म्हणालीस बॉयलर दुरुस्त झाला. मग मी स्वतःची समजूत घातली की आता हीटर लागणारच नाहीत.

पंचवीस दिवस होते माझ्याकडे. दोन ओळींचं पत्र लिहिलं असतं तरी पुरलं असतं.

अंत्यविधीच्या वेळी गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला कळलं की हे गणित ईशिताचं नाही, तरी मी किटलीवर लिहीत बसलो. दुसरं पत्र आल्यावर गोळ्या बदलल्या. त्या बदलताना मला माझीच किळस आली, पण बदलल्या. आणि कारखान्यावर ढकललं. तू घरात माझ्या जागी उभी राहून बोलणी खातेस, हे कळत असताना मी तुला हवापाणी कळवत होतो. माफी मागायलाही तोंड नाही, म्हणून मागत नाही.

मिहीरला काल सांगितलं. तो उठून बागेत गेला. कॉरोनरच्या ऑफिसला त्याच्याकडून इंग्रजीत पत्र पाठवतो आहे, आणि १९ जूनला मी स्वतः येऊन सांगेन. कुशलाही सांगायला हवं. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे पत्र तू त्याला वाचून दाखव. काही गाळू नकोस.

अवधूत


कार्डिफ,
१८ मे २०२५

मामा,

तुमचं पत्र मी कुशला वाचून दाखवलं. गुरुवारी दुपारी, स्वयंपाकघरात, ईशिता शाळेत असताना. जिथे त्याला कळलं नाही तिथे इंग्रजीत सांगितलं. काही गाळलं नाही.

आता माझंही ऐका. फॉइल कसली ते मला मार्चच्या सुरुवातीलाच कळलं होतं, पहिलं पत्र लिहिण्याच्या आधी. अधिकाऱ्याने फोटो दाखवला. फॉइलच्या एका कडेला नावाची शेवटची अक्षरं शाबूत होती, '...र्मिन', देवनागरीत. मेटफॉर्मिन, तुमची शुगरची गोळी. गोळ्यांच्या पट्टीवर देवनागरीत नाव भारतातच छापतात. त्याने विचारलं, ही कुठली स्क्रिप्ट? कुशला वाचता येईना. त्याला वाटलं, आपल्या आईच्याच गोळ्या. पण सासूबाईंना एकही गोळी पुण्याहून येत नव्हती, सगळी औषधं मीच इथून आणायचे. मी अधिकाऱ्याला म्हटलं, मला माहीत नाही. आयुष्यात मी पहिल्यांदा सरकारी माणसाशी खोटं बोलले, आणि ते तुमच्यासाठी.

मग तुम्हाला गणित विचारलं. तुम्ही आपणहून सांगाल असं मला वाटलं होतं. फ्यूजचा धडा गाळलात तेव्हा मी कागद उलटून मागेही पाहिलं. गोळ्या बदलल्याचं लिहिलंत ते वाचून मी रडले, मामा. सासूबाई गेल्या तेव्हाही मी इतकी रडले नव्हते. बाबा गेल्यावर तुम्ही मला वाढवलंत, माझ्या मनात खरेपणा म्हणजे तुम्ही होता. मला तुमचा राग आहे आणि तो जाईल असं आत्ता तरी वाटत नाही. शेवटी सांगायला लावलं ते पंधरा वर्षांच्या मुलीने, याचाही राग आहे.

दोन हीटर मी लावले होते. तो आकडा माझा आहे आणि तो मी १९ जूनला माझ्याच नावावर सांगणार आहे. स्क्रिप्टबद्दल खोटं बोलले तेही मी काल अधिकाऱ्याला फोन करून सांगितलं.

कुशने माझी माफी मागितली नाही. तो अजून सोफ्यावरच झोपतो. पत्र संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "हीटर लागल्यावर मम्मी काय म्हणाली, ते परत वाच." मी वाचलं. त्याने आणखी दोनदा वाचायला लावलं. मग तो वर गेला आणि त्या बंद दाराबाहेर जिन्यावर बसून राहिला. ईशिता शाळेतून आली, ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. मी खालीच थांबले.

सुनावणी सकाळी दहाला आहे. आदल्या दिवशी या. कोच स्टेशनवर मी येईन, कुश येणार नाही. झोपायची सोय हॉटेलात केली आहे, घरी नाही.

अधिकाऱ्याने एक निरोप दिला आहे. पुण्याच्या गोळ्यांची एखादी पट्टी उरली असेल तर ती घेऊन या, फेकली नसेल तर. त्यांना अक्षरं जुळवून बघायची आहेत.

चैत्राली